विमान पडल्यावर ‘चूक कोणाची’ हा प्रश्न आधी का विचारत नाहीत

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ड्रीमलायनर टेकऑफनंतर अर्ध्या मिनिटात खाली आलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० लोक गेले. सुरत, अहमदाबाद म्हणजे आपल्या खानदेशच्या लोकांसाठी परकी गावं नाहीत, नवापूर-नंदुरबारकडून तर रोजचं जाणंयेणं आहे, त्यामुळे त्या दिवशी आपल्याकडेही फोनवर फोन सुरू होते. आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर, टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न, ‘चूक कोनी शे?’. महिन्याभरात प्राथमिक रिपोर्ट आला, त्यात होतं की दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ वर गेले, आणि कॉकपिटमध्ये एक पायलट दुसऱ्याला विचारतो की बंद का केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. झालं, लोकांनी निकाल लावून टाकला. पण त्या रिपोर्टमध्ये दोषी कोण हे लिहिलेलंच नव्हतं आणि बऱ्याच जणांना वाटलं की कोणालातरी वाचवायचा प्रयत्न चाललाय.

तसं नाहीये. विमान अपघाताच्या चौकशीचा जगभराचा नियमच असा आहे की ही चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी करायची, कोणाला दोषी ठरवायला किंवा भरपाईची जबाबदारी कोणावर हे ठरवायला नाही. पोलीस, कोर्ट त्यांचं काम वेगळं करतात. हा नियम कुठून आला आणि त्याने नेमकं काय झालं हे समजून घेतलं की विमान सुरक्षित कसं झालं ते सगळंच कळतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला नियम बनले ते सुरक्षेसाठी नव्हेच, हद्दीसाठी. विमान डोक्यावरून उडायला लागल्यावर सरकारांना पहिला प्रश्न पडला की आकाश कोणाचं? १९१९ च्या पॅरिस करारात ठरलं की ज्याची जमीन त्याचं वरचं आकाश. भारतात तर त्याच्याही आधी, १९११ मध्येच इंग्रजांनी हवाई जहाजांचा कायदा केला होता, त्याच वर्षी फेब्रुवारीत अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल गेलं होतं, जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल. मग १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला टपाल घेऊन स्वतः विमान चालवत आले, १९३४ चा विमान कायदा झाला, १९३७ चे नियम झाले आणि हा १९३४ चा कायदा दुरुस्त्या करत करत आपण थेट २०२४ संपेपर्यंत चालवला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय.

खरा पाया मात्र १९४४ चा. दुसरं महायुद्ध चालू होतं, तरी अमेरिकेत शिकागोला देशांची बैठक बसली आणि ७ डिसेंबरला ५२ देशांनी करारावर सह्या केल्या, भारतही त्यात होता, स्वातंत्र्याच्या आधीच. त्यातून इकाओ ही संस्था निघाली, ऑफिस कॅनडात माँट्रियलला, आज १९३ देश सभासद आहेत. इकाओ विमान तपासायला येत नाही, ती फक्त किमान नियम ठरवते, कराराला जोडलेल्या १९ परिशिष्टांमध्ये ते आहेत, आणि प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात ते आणायचे असतात. आपल्याकडे ते काम डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. वर सांगितलेला ‘दोष शोधायचा नाही’ वाला नियम तेराव्या परिशिष्टात आहे.

आता कोणी म्हणेल की देशाने नियम नाही पाळले तर इकाओ काय करणार? ती काही करत नाही फारसं, पण दुसरे देश करतात. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक तपासणाऱ्या सरकारी खात्याने, भारताचा विमान सुरक्षेचा दर्जा एक पायरी खाली आणला, आणि त्याचं कारण आपल्या कंपन्यांची विमानं खराब होती असं नव्हतं, तर तपासणाऱ्या डीजीसीएकडेच पुरेशी शिकलेली माणसं नव्हती. दर्जा परत मिळेपर्यंत, म्हणजे एप्रिल २०१५ पर्यंत, भारतीय कंपन्यांना अमेरिकेला नवीन फ्लाइट वाढवता येत नव्हत्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण तपासनीस कमी असणं हाही धोकाच असतो आणि तो कुठल्या फोटोत दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. दोषी न शोधता चौकशी केली की काय सापडतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कॉमेट विमानाचं आहे. इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचं कॉमेट हे प्रवासी घेऊन जाणारं पहिलं जेट विमान, २ मे १९५२ ला सुरू झालं आणि बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून उडालेलं कॉमेट थोड्याच वेळात तुकडे होऊन पडलं, ४३ लोक गेले. वादळ होतं, वादळात मोडलं असं ठरलं आणि फाईल बंद. जानेवारी १९५४ मध्ये दुसरं कॉमेट इटलीजवळ समुद्रावर तुटलं, ३५ लोक गेले. विमानं थांबवली, बऱ्याच सुधारणा केल्या, परत उडवली, आणि एप्रिलमध्ये पुन्हा एक, २१ लोक. तेव्हा वादळ वगैरे काही नव्हतं. मग फार्नबरोच्या सरकारी प्रयोगशाळेत एक आख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं आणि आतला दाब वाढवायचा, कमी करायचा, वाढवायचा, कमी करायचा असं दिवसरात्र चालवलं. कारण विमान वर गेलं की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, पत्रा ताणला जातो, खाली आलं की सैल पडतो. आपण पक्कड हातात नसली की तार दहा वेळा इकडून तिकडे वाकवून तोडतो ना, अगदी तेच. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतली मिळून साधारण तीन हजार झाली आणि पत्रा फाटला, फाटायची सुरुवात कापलेल्या चौकटीच्या कोपऱ्यापासून, कारण कोपऱ्यात ताण गोळा होतो. आज विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात ते बघा पुढच्या वेळी.

यात दोषी शोधत बसले असते तर कलकत्त्याचा पायलट दोषी ठरून विषय संपला असता, वादळात का नेलं म्हणून. पण इथे कारण सापडलं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते लपवलं नाही, चौकशी उघड झाली, आणि बोईंगसारख्या परदेशी कंपन्यांनीही ते वाचून आपली विमानं वेगळी बांधली. इंग्लंडची कंपनी त्यात मागे पडली, धंदा गेला, पण जगभरातले प्रवासी वाचले. याच कॉमेटच्या चौकशीत काम करताना ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं की शेवटच्या क्षणी कॉकपिटमध्ये काय बोलणं झालं हे कळलं असतं तर किती सोपं झालं असतं, आणि तिथून ब्लॅक बॉक्स आला. तो काळा नसतो, भडक केशरी असतो, ढिगाऱ्यात सापडावा म्हणून.

मशीनची चूक अशी टाकीत घालून सापडते, पण माणसाची? इथे टेनेरिफचा अपघात वाचावा लागतो. २७ मार्च १९७७, स्पेनच्या बेटावर, जगातला सगळ्यात मोठा विमान अपघात, ५८३ मृत्यू आणि तोही जमिनीवर, धावपट्टीवर. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून सगळी विमानं या छोट्या विमानतळावर पाठवली, गर्दी झाली, धुकं उतरलं. केएलएम कंपनीचं जंबो धावपट्टीच्या एका टोकाला उभं आणि पॅन अ‍ॅमचं जंबो त्याच धावपट्टीवर समोरून चालत येतंय, धुक्यात दोघं एकमेकांना दिसत नाहीत, विमानांना परवानगी देणाऱ्या विमानतळाच्या टॉवरलाही दिसत नाहीत, जमिनीवरचं रडार नाही. केएलएमच्या को-पायलटने रेडिओवर सांगितलं की आम्ही आता टेकऑफवर आहोत, टॉवरला वाटलं टेकऑफसाठी तयार आहेत, तो म्हणाला ओके, आणि पुढचं ‘थांबा, मी बोलावतो’ हे वाक्य नेमकं पॅन अ‍ॅमच्या बोलण्यात अडकून खरखर झाली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये बसलेल्या इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलंही की समोरचं विमान बाजूला झालं नाही का, कॅप्टन ठामपणे म्हणाला झालंय. तो कॅप्टन साधा नव्हता, कंपनीत इतर पायलटना शिकवणारा, जाहिरातीत फोटो असलेला माणूस, त्याच्यापुढे इंजिनिअर परत बोलला नाही.

हे वाचताना मला आपल्याकडचं सगळं डोळ्यासमोर येतं. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही, साहेबाला चूक दाखवायची नाही, मास्तर म्हणतील तेच, हे आपल्या हाडात आहे आणि आपण त्याला संस्कार म्हणतो, पण कॉकपिटमध्ये हाच संस्कार माणसं मारतो.

टेनेरिफनंतर दोन गोष्टी बदलल्या. रेडिओवर ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त खरी परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, बाकी वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं, आणि टॉवरने सांगितलेलं नुसतं ओके म्हणून सोडायचं नाही, परत म्हणून दाखवायचं. दुसरी गोष्ट म्हणजे ज्युनिअरने सिनिअरला टोकायचं कसं आणि सिनिअरने ते ऐकायचं कसं, याचंच ट्रेनिंग. १९७९ मध्ये नासाने यावर बैठक घेतली, १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने शिकवायला सुरुवात केली, आज ते सगळीकडे सक्तीचं आहे. अजून एक गोष्ट लोक विसरतात, त्या कॅप्टनला घाई का होती तर नेदरलँडमध्ये ड्युटीच्या तासांचे नियम नुकतेच कडक केले होते आणि तास ओलांडले तर कारवाईची भीती होती. म्हणजे सुरक्षेसाठी केलेला नियमसुद्धा शिक्षेच्या भीतीने उलटा फिरू शकतो.

शिक्षेची भीती नसली की काय होतं तेही बघा. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ लोक गेले, कारण ‘उतरायला परवानगी’ याचा अर्थ पायलटने एक घेतला आणि जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरच्या मनात दुसरा होता. चौकशीत कळलं की दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान अगदी याच गोंधळात त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं, त्या पायलटांनी आपल्या कंपनीत सांगितलंही होतं, पण ती माहिती कंपनीबाहेर गेलीच नाही. मग १९७६ मध्ये अशी सोय केली की पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक कोणीही आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग लिहून पाठवायचा, आणि तो पाठवायचा शिक्षा करणाऱ्या एफएएकडे नाही तर नासाकडे, नासा नाव काढून टाकते. मुद्दाम केलेलं किंवा गुन्हा असेल ते सोडून, स्वतःहून सांगणाऱ्याला दंडातून सूट. विमानं इतकी सुरक्षित व्हायला नवीन इंजिनांइतकाच या साध्या फॉर्मचा हात आहे असं माझं ठाम मत आहे.

आपल्या देशातला सगळ्यात मोठा विमान अपघात १२ नोव्हेंबर १९९६ चा, हरियाणात चरखी दादरीवर. दिल्लीहून उडालेलं सौदीचं जंबो आणि दिल्लीला उतरणारं कझाकस्तानचं विमान हवेत धडकलं, ३४९ लोक गेले, एकही वाचला नाही. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली आलं. पायलटची चूक म्हणून सोडून देता आलं असतं, पण न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीतून पुढचे प्रश्नही आले, की येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने का होती, आणि विमानाची उंची थेट पडद्यावर दाखवणारं रडार वापरात का नव्हतं. मग येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि समोर विमान आलं की पायलटला आपोआप ‘वर जा’, ‘खाली जा’ सांगणारं टीकॅस यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचं झालं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, दोन्हीत टीकॅस होतं. यंत्र रशियन पायलटला सांगत होतं वर जा आणि कंट्रोलर सांगत होता खाली या, पायलटने माणसाचं ऐकलं. ७१ लोक गेले, त्यात ५२ मुलं. त्या रात्री तो कंट्रोलर एकटा दोन टेबलं सांभाळत होता, फोन लाइन दुरुस्तीला बंद होती. यानंतर नियम अगदी स्पष्ट केला, की टीकॅस आणि कंट्रोलर यांचं जुळत नसेल तर टीकॅसचंच ऐकायचं. आणि त्या कंट्रोलरला २००४ मध्ये, ज्याचं आख्खं कुटुंब त्या विमानात गेलं होतं अशा एका बापाने घरी जाऊन मारून टाकलं. त्या बापाचं दुःख मला कळतं. पण टेबल एकट्यावर सोडायची पद्धत, बंद फोन, अर्धवट लिहिलेला नियम, हे सगळं त्या एका माणसाच्या अंगावर गेलं.

आता भुसावळकरांनी नीट ऐकावं अशी एक गोष्ट. रेल्वेचा अपघात झाला की चौकशी करतात ते रेल्वे सुरक्षा आयुक्त, ते कोणाच्या हाताखाली असतात? रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या. मुद्दाम. कारण जो गाडी चालवतो त्यानेच अपघाताची चौकशी केली तर तो स्वतःच्या चुका कशाला काढेल? हे शहाणपण आपल्या देशाला रेल्वेसाठी फार आधी सुचलं. अमेरिकेत १९३५ मध्ये एक सिनेटर विमान अपघातात गेला आणि सरकारी खात्याने स्वतःच चौकशी करून खापर कंपनीवर आणि पायलटवर फोडलं, खात्याच्या स्वतःच्या रेडिओ यंत्रणेवरचे प्रश्न बाजूला राहिले, त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि कायदा बदलला, पुढे १९६७ मध्ये एनटीएसबी ही अपघातांची चौकशी करणारी संस्था आली आणि १९७५ पासून ती कुठल्याच खात्याखाली नाही.

आपल्याकडे मंगळूरला २२ मे २०१० ला विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ लोक गेले, आठ वाचले. कॅप्टन अर्ध्याहून जास्त प्रवास झोपलेला होता आणि उठल्यावरचा जडपणा गेला नव्हता, को-पायलटने उतरू नका, परत वर घ्या असं एकदा नाही, परत परत सांगितलं होतं. टेनेरिफनंतर तेहतीस वर्षांनी परत तेच. त्यानंतर २०१२ मध्ये एएआयबी, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारी वेगळी संस्था झाली, तोवर डीजीसीएच बहुतेक चौकश्या करायची. चांगलं झालं. पण डीजीसीए आणि एएआयबी दोन्ही आजही एकाच मंत्रालयाखाली आहेत. रेल्वेची चौकशी ज्या कारणासाठी बाहेरच्या मंत्रालयाकडे दिली तेच कारण इथे का लागू नाही, हा प्रश्न माझ्या मते आपल्या खासदारांना विचारायला पाहिजे, आणि अपघात नसताना विचारायला पाहिजे.

तपासणारा आणि ज्याला तपासायचं तो फार जवळ आले की काय होतं ते बोईंग ७३७ मॅक्सने दाखवलं. २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि २०१९ मध्ये इथिओपियात १५७ लोक गेले. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारं एक सॉफ्टवेअर होतं, ते एकाच सेन्सरवर भरवसा ठेवायचं आणि पायलटच्या पुस्तकात त्याचा उल्लेखच नव्हता. एफएएने तपासणीचं बरंचसं काम कंपनीच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवलेलं होतं.

थकव्याचा विषयही अजून चालूच आहे. डीजीसीएने पायलटची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीची लँडिंग कमी केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची पायलटची आखणी कोलमडली, हजारो फ्लाइट रद्द झाल्या, विमानतळांवर लोक अडकले, आणि डीजीसीएला काही नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली. लोकांचे हाल झाले हे खरंच, पण त्या दिवसांत नियमालाच शिव्या देणारे मेसेज फिरत होते ते वाचून वाईट वाटलं, तो नियम झोप न झालेल्या पायलटपासून आपल्याला वाचवायला होता.

आपल्यापर्यंत यातलं काय पोहोचतं? टेकऑफ-लँडिंगला खिडकीचं झाकण वर ठेवायला सांगतात ते बाहेर कुठल्या बाजूला आग आहे हे दिसावं म्हणून, रात्री दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. मोठ्या विमानातून निम्मी दारं बंद असतानाही ९० सेकंदात सगळे बाहेर पडू शकतात हे कंपनीला दाखवून द्यावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून ३७९ च्या ३७९ लोक बाहेर आले, बॅगा न घेता. जळगावच्या विमानतळावरून छोट्या विमानात बसा की दिल्लीहून जंबोत, नियम याच घराण्यातले.

आणि शिरपूर-धुळ्याकडे आता विमान शिकणारी मुलं दिसतात. जुलै २०२१ मध्ये आपल्याच चोपडा तालुक्यात शिकाऊ विमान कोसळून प्रशिक्षक गेले आणि शिकणारी पायलट जखमी झाली. पोराला किंवा पोरीला पायलट करायचं असेल तर फी आणि हॉस्टेल विचाराच, पण सोबत एवढंही विचारा की विद्यार्थ्याच्या हातून काही चुकलं आणि त्याने स्वतःहून येऊन सांगितलं तर तुम्ही त्याचं काय करता, आणि मागच्या वर्षी असं किती जणांनी सांगितलं. कोणीच नाही सांगितलं असं उत्तर आलं तर दुसरी शाळा बघा. अपघातांचे अंतिम रिपोर्ट एएआयबीच्या साइटवर कोणालाही वाचायला मिळतात, मंगळूरचाही रिपोर्ट लोकांसाठी खुला आहे, ॲडमिशनच्या आधी मुलांना बसवून एक तरी वाचायला लावा.